ठिपक्यांची अक्षरं आणि अक्कांची नजर

माझ्या नातीने संगणकासाठी एक फॉन्ट केला आहे. फॉन्ट म्हणजे एकाच वळणाच्या अक्षरांचा अख्खा संच. हिची अक्षरं चौकोनी ठिपक्यांची आहेत. गोलाई कुठेच नाही. लिहिताना आपला हात जिथे वळतो, तिथे ही अक्षरं पायऱ्या उतरतात. पूर्वी बसच्या कपाळावर लाल दिव्यांची पाटी असायची, तशी. तरुण मुलांना हे जुनं वळण आता फार आवडतं म्हणे. टी-शर्टवर, कॉफीच्या दुकानांवर, फोनवरच्या खेळांत असली अक्षरं दिसायला लागली आहेत. आम्ही ज्याला ठिपका म्हणायचो त्याला ती पिक्सेल म्हणते, एवढाच फरक.

फॉन्टबरोबर एक छोटी पुस्तिका निघणार आहे. "आजोबा, मूळ अक्षरं ज्यांनी केली त्यांच्याबद्दल तुम्ही लिहा," असं ती म्हणाली. मी नाही म्हटलं. रजेच्या अर्जांपलीकडे मी आयुष्यात फारसं काही लिहिलेलं नाही. पण ती हट्टी आहे, आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं ते स्वतः एक ओळ लिहायला तयार नाहीत. तेव्हा जमेल तसं लिहितो.

त्यांना आम्ही ठिपकेबुवा म्हणायचो. नाव अर्थातच नंतर पडलं. आधी ते दुकानांच्या शटरवर नावं रंगवायचे. आमचा कारखाना म्हणजे एका गॅरेजच्या मागच्या दोन खोल्या. तिथे दिव्यांच्या पाट्या तयार व्हायच्या, बससाठी, बँकेतल्या रांगेसाठी, दवाखान्याच्या बाकांसमोर लावायला. मी बारीक लाल दिवे पट्टीवर बसवून सोल्डर करायचो. दिवसभर नाकात धूर. मालकांनी पाट्यांचे भाग परदेशातून मागवले होते, पण त्यांच्यात आपली अक्षरं नव्हती. इंग्रजी अक्षरं सुरेख पळायची. आपल्याला गावाचं नाव हवं असलं की पाटी मुकी. म्हणून मालकांनी शटर रंगवणाऱ्या बुवांना बोलावून घेतलं.

"अहो, तुम्ही एवढाली शटरं रंगवता, हे एवढंसं काम तुम्हाला काय अवघड?" मालक म्हणाले.

"मालक, ब्रशला वळण असतं," बुवा म्हणाले. "ह्या दिव्याला काय असतं? एकतर पेटतो, नाहीतर विझतो. अर्धा पेटायला सांगून बघा बरं."

पण काम घेतलं. आणि मग त्यांना दुसरं काही सुचेना.

ती अडचण काय होती ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पाटीवर दिव्यांच्या सोळा आडव्या ओळी. त्यांतली एक शिरोरेषेला गेली. वर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार यांना जागा हवी. खाली उकारांना हवी. उरलेल्या मधल्या पट्ट्यात अक्षराने आपलं पोट, शेपूट, गाठ सगळं आवरून बसायचं. म आणि भ यांत फरक किती? भच्या डोक्यावर एक गाठ आणि शिरोरेषेत जराशी फट. ब्रशने ती सहज दाखवता येते. ठिपक्यांत ती फट म्हणजे एकच विझलेला दिवा. तो नीट विझला नाही तर भ गेला. घ आणि ध यांचंही तेच. ख तर कायम फुटून र आणि व व्हायला बघायचा. ळ पहिल्यांदा जमला तेव्हा बुवांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "बघ, नाकावरून घसरलेला चष्मा!" खरंच तसाच दिसत होता. मग त्यांनी तो पुन्हा केला.

एखादं अक्षर बदलायचं तर ते नव्याने चिपमध्ये भरून घ्यावं लागे आणि त्यात दिवस जाई. तेवढा धीर बुवांना नव्हता. म्हणून त्यांनी घरीच सोय केली. त्यांचं घर एका रांगेत तीन खोल्यांचं, पुढच्या दारातून मागच्या स्वयंपाकघराची भिंत सरळ दिसायची. त्या भिंतीवर, तिथे टाकलेल्या बाजेच्या वर, त्यांनी एक काळी जाड चादर खिळ्यांनी ताणून बसवली. तिच्यावर खडूने बारीक चौकटी आखल्या. आणि शर्टाची पांढरी बटणं टाचण्यांनी टोचून त्यावर अक्षरं लावायला लागले. एक बटण म्हणजे एक पेटलेला दिवा. अक्षर पसंत पडलं की ते कागदावर उतरवून कारखान्यात आणायचे.

वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, येईल त्याला सांगायच्या, "आमच्याकडे शर्टांना बटणं नाहीत, भिंतीला आहेत."

आणि पुढच्या दाराशी, स्टुलावर, अक्का बसायच्या.

अक्का म्हणजे बुवांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर त्या भावाकडे आल्या होत्या. घरात कोणी त्यांना उणं बोलत नसे. वहिनी जिभेच्या तिखट पण मनाच्या मऊ होत्या. तरी अक्का स्वतःच अंग चोरून राहायच्या. पंगतीला शेवटी बसायच्या, पाहुणे आले की आतल्या खोलीत जायच्या, साबण संपला तर सांगायच्या नाहीत. कोणाच्या वाटेत येऊ नये एवढीच त्यांची धडपड. त्यांची नजर पहिल्यापासून बेताची होती. आणि नेमकं तेच बुवांना हवं होतं.

"अक्काला वाचता आलं की अख्ख्या गावाला वाचता आलं," ते म्हणायचे.

तर संध्याकाळी बुवा भिंतीशी अक्षर लावायचे आणि तीन खोल्यांपलीकडून अक्का ते वाचायच्या. त्या अडखळल्या तर बुवा एखादं बटण इकडचं तिकडे करायचे. पुन्हा वाचायच्या. हळूहळू अक्कांना त्यात असा काही रस आला की दुपारपासूनच त्या तयार. केस विंचरून, नीट लुगडं नेसून.

"धाकट्या, आज ऑफिस आहे ना?" त्या विचारायच्या. बुवांना त्या धाकट्या म्हणत, आजही म्हणतात.

"आहे तर! साहेबच सुट्टीवर गेले तर कसं व्हायचं?"

अक्का हसायच्या. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मीही कधीमधी अक्षरांचे कागद न्यायला जायचो तेव्हा हे नाटक पाहायला मिळायचं. अक्का डोळे बारीक करून, मान किंचित तिरकी करून म्हणायच्या, "ण आहे. पण त्याचे दोन पाय एकमेकांना चिकटलेत बघ." बुवा चुटकी वाजवायचे. "बरोब्बर! माझ्याही मनात तेच होतं." दोघांचं इतकं एकमत व्हायचं की मला नवल वाटायचं. जिथे बुवांना शंका, तिथेच अक्कांना खटकायचं. जिथे बुवांचं समाधान, तिथे अक्कांचंही.

सोळा ओळींचा संच झाला. तो खरोखर चांगला झाला होता. बसवर लागला, लोकांनी वाचला, मालकांनी पेढीवर बसून सगळ्यांना चहा पाजला. ठिपकेबुवा हे नाव तेव्हाच पडलं.

मग मालकांनी बारीक पाटीचं काम आणलं. स्वस्तातली पाटी, आठच ओळींची. आपल्या अक्षराला आठ ओळी म्हणजे माणसाला पेटीत झोपवण्यासारखं आहे. कुणी दुसरा असता तर म्हणाला असता, होणार नाही. बुवांनी करून दाखवलं, कारण अक्का वाचत होत्या. पहिल्यापेक्षा झरझर वाचत होत्या. बुवा हरखून जायचे. मला म्हणाले, "अरे, मला आता हात बसलाय. पूर्वी अक्का एकेका अक्षराला थांबायची. आता बटण टोचून होत नाही तोवर सांगते."

त्या दिवसांत वहिनी एकदा माझ्यादेखत म्हणाल्या, "अहो, अक्कांना हल्ली दिसत नाही वाटतं. काल चहा कपाबाहेर ओतला. परवा दाराच्या चौकटीवर आपटल्या."

बुवांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "काहीतरीच काय. तीन खोल्यांवरून अक्षर वाचते माझी बहीण. तुला वाचता येतं का?"

"मला नाही येत बाई," वहिनी म्हणाल्या. "म्हणूनच म्हणते."

"मग तुझेच डोळे तपासून घे!"

सगळे हसले. अक्काही हसल्या. मीही.

बारीक पाट्या रस्त्यावर आल्या आणि तक्रारी सुरू झाल्या. बसआगारातला एक माणूस कारखान्यात येऊन चिडून म्हणाला, "लोक पाटी वाचत नाहीत हो, कंडक्टरला विचारतात. लाल मुंग्यांची रांग दिसते नुसती." बुवा त्याला म्हणाले, "आमच्या अक्का वाचतात. साठीला आलेली बाई वाचते आणि तुमच्या प्रवाशांना काय होतं?" तो माणूस पुटपुटत निघून गेला. बुवांना उद्धट म्हणून कोणी ओळखत नव्हतं. पण त्यांचा त्या नजरेवर इतका विश्वास होता.

त्यानंतरची ती संध्याकाळ. त्या वेळी मी तिथे होतो. बारीक संचातली काही अक्षरं सुधारून हवी आहेत, असं मालकांनी सांगितलं होतं आणि मी कागद न्यायला गेलो होतो. वहिनी शेगडीपाशी होत्या. बुवा भिंतीशी भ लावत होते. त्यांना काम करताना ओठांतल्या ओठांत पुटपुटायची सवय होती. "भ... भ... गाठ इथे... फट..." असं. अंगठ्याने टाचणी दाबायचे, थांबायचे, एक पाऊल मागे यायचे, नाखूष असले की नाकाने फुस्स करायचे, जमलं की "हं" म्हणायचे. शेवटची टाचणी त्यांनी दाबली, "हं" म्हणाले, आणि वरचे खिळे एकदम सैल झाले. चादर बटणांसकट सुळकन खाली आली आणि बाजेवरच्या गादीवर पडली. आवाज काहीच झाला नाही.

बुवांनी खाली वाकायला हात पुढे केला, एवढ्यात दाराकडून अक्कांचा आवाज आला.

"भ. आता झकास झालाय. वरची फट अगदी स्वच्छ दिसते."

समोर नुसती भिंत होती. चुन्याची, थोडी धुरकटलेली. वहिनींचा हात तसाच थांबला. बुवा वाकलेले होते ते तसेच राहिले. मला वाटलं अक्का थट्टा करताहेत. मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. त्या मान तिरकी करून, डोळे बारीक करून, अगदी नेहमीसारख्या भिंतीकडे बघत होत्या.

"आणि आता?" बुवांनी विचारलं.

"आता काय? तू काही हलवलंस का? नाही ना? मग भच."

बुवा सरळ झाले आणि तीन खोल्या चालत दारापर्यंत गेले. जाताना मधल्या खोलीतली खुर्ची पायाने पाडली, ती उचलली नाही. अक्कांच्या समोर जमिनीवर बसले. त्यांच्या चेहऱ्यासमोर हात धरला. अक्कांची नजर त्यांच्या खांद्यावरून पलीकडे गेलेली. मग अक्कांच्या चेहऱ्यावरचं समाधान हळूहळू ओसरलं.

"चादर पडली का रे?" त्या हळूच म्हणाल्या.

बुवांनी पुढे धरलेला हात खाली घेतला.

"तू पुटपुटतोस ना," अक्का म्हणाल्या. "आणि फुस्स करतोस. त्याच्यावरून कळतं मला."

डॉक्टरांकडे नेलं तेव्हा मीही बरोबर होतो. काचबिंदू होता. त्यात नजर कडेकडेने आत आत मरत येते, दुखत नाही, खुपत नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेली परत येत नाही, उरलेली औषधाने राखता येते. उरलेली फार थोडी होती. डॉक्टरांनी सहज विचारलं, "घरात कोणाच्याच लक्षात आलं नाही?" बाहेर आल्यावर बुवा जिन्यातच बसले. लोक वरखाली करत होते. ते म्हणाले, "रोज संध्याकाळी हिचे डोळे माझ्यासमोर तपासले जात होते रे. आणि मी अक्षरं तपासत होतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मालकांना सांगितलं की अक्षरांचं काम सोडलं. मालकांनी पुष्कळ समजावलं. बुवा माझ्या शेजारच्या टेबलाशी येऊन बसले आणि सोल्डरिंग शिकले. हात चांगला असल्याने लवकर शिकले. बारीक पाट्या मात्र चालूच राहिल्या. संच मालकांचा होता आणि स्वस्त पाटीला गिऱ्हाईक होतं. बस समोरून गेली की बुवा मान खाली घालायचे. एकदा स्टॉपवर एका म्हाताऱ्या बाईने त्यांना विचारलं, "बाबा, काय लिहिलंय हो तिथे?" बुवांनी वाचून सांगितलं, तिला बसमध्ये चढवून दिलं आणि स्वतः घरापर्यंत चालत गेले. हे मला वहिनींनी सांगितलं.

अक्कांसाठी त्यांनी काय केलं नाही ते विचारा. डोळ्यांत थेंब घालायचं काम दुसऱ्या कोणाला दिलं नाही. हात धरून न्यायचं, आणायचं, ताटातलं कालवून द्यायचं, पेपर वाचून दाखवायचा. उरलीसुरली नजरही काही वर्षांत गेली, तेव्हा तर अक्कांना जागचं उठूही देईनात. अक्का म्हणायच्या, "अरे, मी शेंगा सोलते." बुवा म्हणायचे, "तू बस, मी सोलतो." "निदान कपड्यांच्या घड्या तरी घालते." "तू बस." बाहेरून पाहणारा म्हणे, भाऊ असावा तर असा. मलाही तसंच वाटायचं. पण त्या संध्याकाळबद्दल दोघंही एकमेकांशी कधी बोलली नाहीत. वहिनी गेल्या त्या ही अबोल्याची गाठ तशीच ठेवून गेल्या.

आता नातीचं सांगतो. तिने भंगारवाल्याकडून बसच्या दोन जुन्या पाट्या आणल्या, एक मोठी आणि एक बारीक, त्या चालू केल्या आणि अक्षरांच्या प्रेमात पडली. मी सहज म्हणालो, ही कोणी केली ते मला माहीत आहे. झालं. मूळ माणसाच्या परवानगीशिवाय आणि नावाशिवाय फॉन्ट काढायचा नाही, असं तिने ठरवलं. तिला घेऊन बुवांकडे गेलो. तेच घर, त्याच तीन खोल्या. बुवा आता काठी घेऊन चालतात. अक्का मधल्या खोलीत खाटेवर.

नातीने लॅपटॉप उघडला. मोठा संच दिसला तेव्हा बुवांचा चेहरा मला बघवेना. त्यांनी पडद्यावरच्या णवर बोट ठेवलं.

"हा सुंदर आहे हो, आजोबा," नात म्हणाली. "पण खरी मजा ह्याच्यात आहे." आणि तिने बारीक संच उघडला. "हा सगळ्या मुलांना वेडं करतोय. नीट वाचताच येत नाही ना, म्हणून तर गोड दिसतो!"

बुवांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं. जोरात नाही, पण मिटलं.

"हा नाही द्यायचा."

"का? हाच तर लोकांना हवाय."

"ह्याच्यात कोणाचं तरी काहीतरी गेलंय. नको. मोठाही नको. ने हे सगळं."

नात माझ्याकडे बघायला लागली. मी काय सांगणार? मी उठलोच होतो, तेवढ्यात मधल्या खोलीतून आवाज आला. अक्कांची नजर गेली तरी कान तसेच आहेत.

"कोणाचं तरी म्हणजे माझं. तसं सांग की पोरीला."

बुवा जागच्या जागी थिजले.

"अक्का, तू पड."

"पडूनच आहे मी. इतकी वर्षं पडूनच तर आहे. पोरी, इकडे ये. माझे डोळे गेले, मी ते लपवलं, आणि ह्याला ते दिसलं नाही. एवढंच ते. ह्याच्या मनात त्याचा डोंगर झालाय."

"लपवलंस म्हणजे काय? तू काय मुद्दाम..." बुवांचा आवाज चढला आणि मग बसला. "मला कळायला हवं होतं. बायको सांगत होती. बसवाला सांगत होता."

"हवं होतं," अक्का म्हणाल्या. "कळायला हवं होतं हे खरंच आहे. नाही कशाला म्हणू?"

मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. बुवांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली.

"पण माझंही ऐक," अक्का म्हणाल्या. "मला ठाऊक होतं रे, दिसत नाही ते. ह्या घरात माझ्या हाताला तेवढं एकच काम होतं. डोळे गेले म्हटलं असतं तर ते गेलं असतं. म्हणून कान टवकारून बसायची. तू विचारलं असतंस तरी खोटंच बोलले असते. म्हणजे दोघांनी मिळून केलं ना हे? आणि तू एकटाच सगळं उचलून बसलास. माझा वाटा मला दिलाच नाहीस. वर तेव्हापासून साधी शेंग सोलू देत नाहीस. डोळे गेले माझे, हात नव्हते गेले."

बुवा खाटेच्या कडेला जाऊन बसले. नात खाली बघून लॅपटॉपच्या कडेवर नख फिरवत होती.

"तरी मला त्याचं कधी बरं वाटणार नाही, अक्का," बुवा म्हणाले.

"नको वाटू देऊ. कोण सांगतंय बरं वाटून घ्यायला? पण पोरीचं काम अडवू नकोस."

मग बुवांनी नातीला दोन्ही संच दिले. पण बारीक संचासोबत एक मजकूर छापायचा अशी अट घातली. तो त्यांनी स्वतः सांगितला आणि तिने जसाच्या तसा उतरवून घेतला: "ही अक्षरं लांबून वाचता येत नाहीत. ती शोभेला वापरावीत. ज्यावर कोणी अवलंबून आहे अशा कुठल्याही जागी, म्हणजे बसवर, दवाखान्यात, औषधाच्या बाटलीवर, रस्त्याच्या पाटीवर, ती वापरू नयेत." नात म्हणाली, "फॉन्टबरोबर असं कोणी छापत नाही, आजोबा." बुवा म्हणाले, "मग तू पहिली." तिने मान्य केलं. आणखी एक त्यांनी तिला बजावलं. यापुढे ती जे काही अक्षर करील ते ज्याच्याकडून वाचून घेईल, त्याला ते लावताना खोलीबाहेर बसवायचं आणि स्वतःचं तोंड बंद ठेवायचं. "आणि आधी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठव," ते म्हणाले.

एवढं लिहून झाल्यावर मी काल त्यांच्याकडे गेलो आणि दोघांना वाचून दाखवलं. त्या संध्याकाळच्या भागानंतर मी माझ्या मनाने एक ओळ घातली होती, की यात बुवांचा काही दोष नव्हता. तिथे बुवांनी हात वर केला.

"हे काढ."

"अहो बुवा, पण..."

"तुला चांगुलपणा करायचाय ते कळतं मला. पण हे खरं नाही. काढ."

मी अक्कांकडे वळलो. मला वाटलं त्या माझ्या बाजूने बोलतील.

"काढ," त्या म्हणाल्या. "त्याच्या जागी लिही, दोष अर्धा होता."

"अर्ध्याहून जास्त," बुवा म्हणाले.

"बरं, अर्ध्याहून जरा जास्त. पण सगळा नाही."

यावर बुवा काही बोलतील म्हणून मी पेन हातात धरून थांबलो. ते खिडकीकडे बघत राहिले, पण नाही म्हणाले नाहीत. म्हणून दोघांच्या सांगण्यावरून लिहितो. दोष अर्ध्याहून जरा जास्त होता, सगळा नव्हता.